मिरजेतील भाड्याची जुनी घरे व दुरुस्तीचा प्रश्न
मिरजेतील घर धोकादायक ठरल्यास महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ अन्वये ते पाडण्याचा वा दुरुस्त करण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. दुरुस्तीसाठी निधीची तरतूद मात्र त्या कलमात नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींना १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ लाभले. मिरजेतील वाड्यांना तसा आधार नाही. उरतो भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याच्या कलम १४ नुसार मालकाने दुर्लक्ष केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो. पण वर्षाला वजावट भाड्याच्या एक-चतुर्थांशापुरतीच. मासिक भाडे १०० रुपये धरले, तर हाती येतात ३०० रुपये. तेवढ्यात गळके छप्परही शाकारून होत नाही.