बुद्धिबळ ऐकू येऊ लागलं

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव. दोघांचे गुण सारखे आणि पटावरचा डावही बरोबरीकडे चाललेला. पंचावन्नाव्या चालीला डिंग लिरेननं आपला हत्ती एफ-२ घरात नेला आणि जगभरच्या मोबाइलवर पटाशेजारची उभी पट्टी काळ्याच्या बाजूला कोसळली. डाव डिंगच्या हातून गेला, हे पाहणाऱ्यांना कळलं. काळी मोहरी घेऊन समोर बसलेल्या गुकेशला मात्र ते अजून कळलं नव्हतं! आपण दुसरीच चाल खेळायच्या बेतात होतो, असं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

काही सेकंदांनी त्याला दिसलं. हत्तींची मारामारी करायची, मग कोपऱ्यात अडकलेल्या डिंगच्या उंटाला आपला उंट भिडवायचा. त्याला पळायला घर नाही, म्हणजे उंटांचीही मारामारी होणार. उरतात राजे आणि प्यादी, आणि आपलं एक प्यादं जास्त. त्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलताना कॅमेऱ्यानं टिपले. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता होणार ही बातमी घरी पडद्यासमोर बसलेल्या शाळकरी पोरांना आधी मिळाली आणि त्याला स्वतःला नंतर. तो बसला होता ध्वनिरोधक काचेच्या खोलीत, त्यामुळे बाहेरचा एक हुंकारही त्याच्यापर्यंत पोहोचणार नव्हता. त्या काही सेकंदांचं मला आजही नवल वाटतं.

ही पट्टी चालते स्टॉकफिशसारख्या संगणकी इंजिनच्या जोरावर. ते सेकंदाला लाखो स्थिती तपासतं आणि कोणाची किती सरशी आहे ते ढोबळमानानं प्याद्यांच्या हिशेबात मांडतं. अधिक एक म्हणजे पांढऱ्याचं पारडं साधारण एका प्याद्यानं जड. आज फोनवर चालणाऱ्या इंजिनपुढेही जगज्जेत्याचा टिकाव लागत नाही. १९९७ साली डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा पुष्कळांना वाटलं होतं की आता माणसांचा खेळ पाहायला कोण येणार? झालं भलतंच. घोडा कसा चालतो एवढंच माहीत असलेला माणूसही आता जगज्जेतेपदाचा सामना रंगून पाहतो, कारण कोण जिंकतंय हे त्याला कळत राहतं. का जिंकतंय, हे मात्र पट्टी सांगत नाही. तिथे माणूसच लागतो. यंत्र जितकं अचूक होत गेलं, तितकी समजावून सांगणाऱ्या माणसाच्या आवाजाची भूक वाढत गेली.

आणि तो आवाज या खेळात पूर्वी जवळजवळ नव्हताच. १९७२ साली रेक्याविकला जगज्जेत्या स्पास्कीशी झालेल्या लढतीत बॉबी फिशर कॅमेऱ्यांच्या त्रासाची तक्रार करत दुसऱ्या डावाला आलाच नाही. तो गुण स्पास्कीला गेला. तिसरा डाव अखेर प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका छोट्या खोलीत झाला आणि तो फिशरनं जिंकला. स्पास्कीवरचा हा त्याचा आयुष्यातला पहिला विजय. त्या काळी खेळाडूच्या डोक्यात काय चाललं होतं हे कळायचं ते त्यानं पुढे कधीतरी डावावर टीपा लिहिल्या तर.

आज नॉर्वे चेस स्पर्धेत खेळाडू डाव चालू असतानाच उठतो, शेजारच्या एका बंद कक्षात जातो आणि कॅमेऱ्याशी बोलतो: मला ही स्थिती आवडत नाहीये, त्यानं असं का खेळलं कळत नाही, मी जरा घाबरलोय. प्रतिस्पर्ध्याला यातलं काही ऐकू येत नाही, आपल्याला सगळं येतं. पटावर येऊन बसला की चेहरा पुन्हा दगडाचा. हिकारू नाकामुरासारखा जगातल्या पहिल्या काही खेळाडूंतला माणूस तर थेट प्रक्षेपणावर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळता खेळता अखंड बोलत असतो.

पण समजावून सांगण्याची कला पाहायची तर अमेरिकेचा ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की. तो नवं खातं उघडून अगदी तळाच्या मानांकनापासून खेळायला सुरुवात करायचा आणि वर चढता चढता प्रत्येक टप्प्यावरच्या खेळाडूची विचार करण्याची चूक मोठ्यानं उलगडून दाखवायचा. नवशिक्यानं घोडा मारायला दिला तर न हसता तो विचारायचा की या मुलाला त्या क्षणी काय दिसलं असेल? इतकी मोठी शाळा, आणि फी शून्य. पूर्वी असा शिक्षक मिळायला मोठ्या शहरात जन्म किंवा बापाच्या खिशात पैसा लागत असे.

आपल्याकडे हे वारं आलं २०२०च्या टाळेबंदीत. समय रैना हा विनोदवीर यूट्यूबवर बुद्धिबळ खेळू लागला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्या सोबतीला आला, पुढे विश्वनाथन आनंदही आला. ज्या पोरांनी पटाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ती रात्री जागून हत्ती-उंटांवर वाद घालू लागली. सागर शहा आणि अमृता मोकळ या जोडप्यानं त्याआधीपासूनच चेसबेस इंडिया या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा कॅमेरा घेऊन स्पर्धांची सभागृहं पालथी घातली होती. डाव संपवून बाहेर आलेल्या पोराला तिथल्या तिथे पटासमोर बसवून ‘दाखव, काय विचार केलास’ असं विचारायचं, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत निहाल सरिन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट ऐन डावात तुटलं. शेवटी भारत आणि रशिया दोघांना सुवर्ण देण्यात आलं. भारताचा कर्णधार होता विदित.

पडद्यावरची संस्कृती पटावरही उतरते. मार्च २०२१मध्ये एका ऑनलाइन स्पर्धेत तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसननं दुसऱ्याच चालीला राजा पुढे सरकवला. नाकामुरानंही तेच केलं आणि थोड्याच चालींत डाव बरोबरीत सुटला. राजाला असं उघड्यावर आणणं म्हणजे पुस्तकी खेळात पाप. पण स्ट्रीमर मंडळींत ही चाल लाडकी होती आणि समालोचकांना हसू आवरेना. जुन्या जाणकारांपैकी काहींना ते रुचलं नाही. मला रुचलं, कारण जगज्जेता आपल्या प्रेक्षकांशी त्यांच्याच भाषेत बोलत होता.

याची किंमतही आहे, आणि ती लहान नाही. सप्टेंबर २०२२मध्ये सेंट लुईसच्या सिंकफील्ड चषकात हान्स नीमनकडून हरल्यावर कार्लसननं स्पर्धाच सोडली आणि फसवणुकीच्या संशयानं सगळं वातावरण ढवळलं. बाहेरच्या कोणी थेट प्रक्षेपण पाहून इंजिनची चाल आत कळवू नये म्हणून आयोजकांनी प्रक्षेपण पंधरा मिनिटं मागे ठेवलं. प्रत्येकाच्या खिशात इंजिन आलं आणि प्रत्येक सुंदर चालीवर संशय घेणं सोपं झालं. नारोडित्स्कीवरही असे जाहीर आरोप झाले. सिद्ध काहीच झालं नाही, पण त्याचा त्रास तो प्रक्षेपणात बोलून दाखवत असे. ऑक्टोबर २०२५मध्ये तो गेला, अवघ्या २९व्या वर्षी.

कॅमेरा सगळ्यांना सारखा न्यायही देत नाही. जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या टाटा स्टील स्पर्धेनंतर दिव्यानं उघड लिहिलं की प्रेक्षकांचं लक्ष आपल्या चालींपेक्षा कपडे, केस आणि उच्चारांकडे होतं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी २८ जुलैला जॉर्जियातल्या बाटुमीत तिनं कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि तिथेच ग्रँडमास्टरही झाली. जिंकल्यावर आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या साऱ्या देशानं पाहिली, ती याच कॅमेऱ्यामुळे. पण तो विश्वचषक तिनं ज्या डावांतून मिळवला ते किती जणांनी उघडून पाहिले? तेही इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत.

म्हणून एक विनंती. पुढच्या मोठ्या स्पर्धेचा डाव लावाल तेव्हा ती पट्टी बंद करा. बहुतेक ठिकाणी तशी सोय असते, नसली तर कागदाचा तुकडा चिकटवा. खेळाडू विचार करतोय तोवर तुम्हीही करा आणि एक चाल ठरवा, चुकली तरी चालेल. मग समालोचकाचं ऐका आणि पट्टी सगळ्यात शेवटी उघडा.