कोंबडा की तलंग?

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर पहाटे गेले, तर अंगणातील डालीखालून चिवचिवाट ऐकू येतो. एकवीस दिवस अंड्यांवर बसलेली कोंबडी आता आपली दहा-बारा पिले घेऊन हिंडू लागलेली असते. घरधनीण त्यांच्याकडे कौतुकाने पाहते. पण तिच्या मनात एक प्रश्नही असतो. यांत कोंबडे किती आणि तलंगा किती?

तलंग म्हणजे अंडी घालण्याच्या वयाला आलेली तरुण कोंबडी. ती घरी राहिली, तर अंडी मिळतात आणि खुराडे भरते राहते. कोंबडा कल्याणच्या बाजारात विकला, तर मीठमिरचीची किंवा मुलांच्या वह्यांची सोय होते. घाईने ओळखण्यात चूक होऊन तलंगच विकली गेली, तर घराचे नुकसान होते. म्हणून ही पारख महत्त्वाची आहे.

अंड्याच्या आकारावरून पिलाची जात सांगता येते, अशी समजूत फार जुनी आहे. लांबट अंड्यातून मादी निघते, असे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने लिहिले. रोमन लेखक प्लिनी याने मादी गोल अंड्यातून निघते, असे सांगितले! खरे पाहता दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे. पिलू नर की मादी, हे अंड्याभोवती कवच तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते. मग कवचाच्या आकारावरून ते कसे कळावे?

पहिल्या दिवशी गावठी पिलांत नर व मादी जवळजवळ सारखेच दिसतात. सहा ते आठ आठवड्यांनी फरक जाणवू लागतो. कोंबड्याचा तुरा अधिक मोठा व लाल होतो. त्याचे पाय जाड व लांब दिसतात. परंतु केवळ तुऱ्यावर विसंबू नये. असील जातीत कोंबड्याचाही तुरा लहानच असतो. अधिक खात्रीची खूण सुमारे तीन महिन्यांनी दिसते. शेपटीच्या पुढे, पाठीवर येणारी पिसे कोंबड्यात अरुंद, टोकदार व चकचकीत असतात. तलंगेत ती रुंद व गोल टोकांची असतात. एकाच विणीतील पिले शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास हा भेद सहज ध्यानात येतो.

वाण ओळखण्यासाठीही अशीच सावध दृष्टी लागते. पांढऱ्या लेगहॉर्नचे पिलू पिवळे, तर ऱ्होड आयलंड रेडचे तांबूस असते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या प्रसिद्ध कडकनाथ कोंबडीचे पिलू निळसर काळे असते. मोठेपणी तिची कातडी व मांसही काळे असते. पण प्रत्येक काळे पिलू कडकनाथ नव्हे. गावठी कोंबड्यांत अनेक वाणांचे मिश्रण झालेले असते. म्हणून रंगासोबत पाय, तुरा आणि आईबाप हेही पाहावे लागतात.

मोठ्या उबवणी केंद्रांत मात्र तीन महिने थांबता येत नाही. जपानी शास्त्रज्ञ कियोशी मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या पिलाच्या गुदद्वारातील सूक्ष्म उंचवटा पाहून नर ओळखण्याची रीत शोधली. १९२७ साली कॅनडातील ओटावा येथील जागतिक परिषदेत ती मांडली गेली. कसलेला माणूस या रीतीने तासाला शेकडो पिले निवडतो. दुसरी युक्ती संकराची आहे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी यांची पिले काळी होतात. परंतु आईच्या पट्ट्यांचा गुण केवळ मुलग्यांकडे जात असल्याने नर पिलांच्याच डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो.

या कौशल्याला एक दुःखद बाजूही आहे. अंड्यांसाठी वाढवलेल्या वाणांतील नर अंडी घालीत नाहीत आणि त्यांच्या अंगी मांसही फारसे भरत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी ते पहिल्याच दिवशी मारले जातात. शहरांतील रस्त्यांवर गुलाबी-हिरव्या रंगांत रंगवून विकली जाणारी पिले बहुधा अशीच नको झालेली असतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशा हत्येस बंदी केली. तेथे आता अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे वापरली जातात.

पाड्यावरच्या अंगणात मात्र कोंबडा नकोसा होत नाही. तो वाढतो, आरवतो, घराला चार पैसे देतो. तेथील घरधनीण यंत्रावाचून पारख करते. दररोज दाणे टाकताना ती पिलांकडे नीट पाहते आणि खूण पक्की होईपर्यंत थांबते. निरीक्षण आणि धीर हीच तिची साधने होत.