त्याले चहा नको पाजू!

नागपुरातल्या एका हॉस्पिटलची स्पेशल रूम. एसी, टीव्ही आणि बाबांच्या पलंगाला अगदी खेटून चकाचक बेसिन. ऑपरेशनसाठी पुण्याहून रजा टाकून धावत गेलेली मी बाबांचा उरलेला चहा, ज्यूस, सगळं त्या बेसिनमध्ये ओतायचे.

बाबांनी खाप्यात उभी हयात नळफिटिंग केलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चहा नको टाकू वं त्यात. धार सरळ जाळीवर पडून राह्यली, चुकीचं बसवलं हाय." मी हसले. माणूस पेशंट झाला तरी फिटर काही रिटायर होत नाही!

पाचव्या दिवशी ताप भरला. रिपोर्टमध्ये 'क्लेबसिएला', तोही नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा. शेवटी कोलिस्टिन. किडनीला त्रास देऊ शकणारं जुनं औषध. तीन आठवडे श्वास रोखून काढले. बाबा वाचले.

जंतू आला कुठून? बेसिन कुणी तपासलंच नाही, त्यामुळे ठामपणे सांगता येणार नाही. पण बाबांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मग वाचत सुटले.

बेसिनखालच्या 'यू' आकाराच्या ट्रॅपमध्ये कायम पाणी साचलेलं असतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. तिथेच जंतू चिकट थर करून राहतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने 2017 मध्ये चमकणारे जंतू ट्रॅपमध्ये सोडून पाहिलं. अन्न मिळताच ते पाइपातून रोज साधारण अडीच सेंटिमीटर वर चढले आणि आठवड्याभरात जाळीपर्यंत पोहोचले. मग नळ सोडला की शिंतोडे थेट बाहेर! टोरांटोच्या एका हॉस्पिटलमध्ये 2004 ते 2006 दरम्यान 36 पेशंटना अशा बेसिनमधून स्यूडोमोनासची लागण झाली. तिथेही धार थेट जाळीवरच पडत होती. बेसिनची रचना बदलली आणि साथ थांबली.

आणि हे जंतू काही परदेशी पाहुणे नाहीत. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 सापडलं होतं. 2011 च्या एका अभ्यासात तर दिल्लीत नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांमध्ये तोच जीन मिळाला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाला बघायला हॉस्पिटलात जाल तेव्हा बेसिनमध्ये फक्त हात धुवा. चहा, ज्यूस, सलाईन काही ओतू नका. औषधं, टूथब्रश, पाण्याची बाटली त्याच्या काठावर ठेवू नका. पाणी तुंबलं तर लगेच नर्सला सांगा. आणि हो, हात धुणं मात्र सोडू नका!

परवा खाप्याला गेले होते. बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर 'यू' काढून दाखवला आणि म्हणाले, "बेसिन हात धुवाले असते, बाई. चहा पाजाले नाही."

या वेळी मी हसले नाही.