गुळगुळीत तबकडीला काटे का फुटतात?

पावसाळा सरत आला की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतल्या शाळांमध्ये एक शब्द वारंवार कानांवर पडतो : प्लेटलेट्स. कुणाचा भाऊ डेंग्यूने आजारी असतो, कुणाच्या वडिलांचा ‘काउंट’ ४० हजारांवर आलेला असतो, कुणाचे काका रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवत असतात. पाठ्यपुस्तकात मात्र रक्तपट्टिकांच्या, म्हणजे प्लेटलेट्सच्या, वाट्याला जेमतेम दोन वाक्ये येतात. त्या तबकडीच्या आकाराच्या असतात आणि रक्त गोठवण्याचे काम करतात, एवढेच. हे काम त्या कसे करतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला हवा. त्याचे उत्तर फार मनोरंजक आहे.

प्रथम थोडे आकडे पाहू. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख रक्तपट्टिका असतात. अडीच लाख धरून, प्रौढ माणसाच्या पाच लिटर रक्तात एकूण किती होतील हे मुलांना काढायला सांगावे. उत्तर येते सव्वा लाख कोटी! एका रक्तपट्टिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. म्हणजे दररोज दहा हजार कोटींहून अधिक नव्या रक्तपट्टिका तयार व्हाव्या लागतात. अस्थिमज्जेतल्या मेगॅकॅरिओसाइट नावाच्या प्रचंड पेशींचे तुकडे पडून त्या बनतात. त्यांना केंद्रक नसते आणि व्यास असतो अवघा दोन-तीन मायक्रोमीटर.

रक्तवाहिनी शाबूत असते तोवर रक्तपट्टिका गुळगुळीत तबकडीसारखी वाहत असते. वाहिनीला इजा झाली, की अस्तराखालचे कोलॅजन उघडे पडते. त्याचा स्पर्श होताच ही तबकडी काही सेकंदांत गोल होते, तिला काट्यांसारखे लांब फुटवे येतात आणि मग ती जखमेवर पसरते. शेजारच्या रक्तपट्टिका एकमेकींना चिकटतात आणि छिद्र बुजते. मातीच्या गोळ्याला आकार द्यायला बाहेरून हात लागतो. इथे तर आकार आतून बदलतो. तो बदलणारे आत कोण आहे?

ते आहे ॲक्टिन हे प्रथिन. १९४२ साली हंगेरीत सेंट-ड्यॉर्डी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रौब यांनी ते स्नायूंमधून वेगळे केले. पुढे बरीच वर्षे ॲक्टिन ही स्नायूंचीच खास चीज समजली जाई. १९५९ साली स्वित्झर्लंडमध्ये बेटेक्स-गालां आणि ल्यूशर यांनी रक्तपट्टिकांमधून आकुंचन पावणारे, स्नायूंतल्यासारखे प्रथिन मिळवले, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. आज आपल्याला ठाऊक आहे की ॲक्टिन जवळजवळ प्रत्येक सकेंद्रक पेशीत असते आणि पेशीच्या सांगाड्याचा तो एक मुख्य घटक आहे. हा सांगाडा हाडांसारखा कायमचा नसतो. गरजेप्रमाणे तो उभा राहतो आणि मोडतोही.

ॲक्टिनचे सुटे रेणू मण्यांसारखे असतात. ते एकापुढे एक जोडले गेले की धागा तयार होतो. एका रक्तपट्टिकेत असे सुमारे २० लाख रेणू असतात. ती शांत असताना त्यांतले साधारण ४० टक्केच धाग्यांत गुंफलेले असतात, बाकीचे सुटे. उद्दीपित झाल्यावर धाग्यांतला वाटा ७०-८० टक्क्यांवर जातो. काटे उभे राहतात ते या नव्या धाग्यांच्या जोरावर.

इथे एक कोडे होते. एवढे दाट ॲक्टिन परीक्षानळीत, पेशीतल्यासारख्या क्षारांच्या द्रावणात ठेवले, तर जवळजवळ सगळेच्या सगळे धाग्यांत जाते. मग शांत रक्तपट्टिकेत निम्म्याहून जास्त ॲक्टिन सुटे राहते कसे? प्रोफिलिन नावाचे प्रथिन सुट्या ॲक्टिनला चिकटते हे माहीत होते, पण हिशेब जुळेल इतके ते पेशीत नव्हते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पेशीशास्त्रज्ञ विव्हियन नाक्मियास रक्तपट्टिकांच्या सांगाड्याचा दीर्घकाळ अभ्यास करत होत्या. शांत आणि पसरलेल्या रक्तपट्टिकांच्या सांगाड्यांचा त्यांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला होता. १९९० साली सेफर, गोला आणि नाक्मियास यांनी मानवी रक्तपट्टिकांमधून एक चिमुकले प्रथिन वेगळे केले. ते ॲक्टिनच्या सुट्या रेणूला धरून ठेवत असे. ओळख पटेना म्हणून त्याला ‘एफएक्स’ असे तात्पुरते नाव दिले. पुढच्याच वर्षी उलगडा झाला. हे प्रथिन नवे नव्हतेच! थायमस ग्रंथीतले संप्रेरक म्हणून आधीच नोंदलेले थायमोसिन बीटा-४ ते हेच. केवळ ४३ अमिनो आम्लांचा हा रेणू रक्तपट्टिकेत भरपूर असतो. कोड्यातला न जुळणारा हिशेब त्याने जुळवला.

वर्गात हे ‘साखळी’च्या खेळाने समजावता येईल. हातात हात घालून साखळी धरलेली मुले म्हणजे ॲक्टिनचा धागा. बाहेरच्या प्रत्येक सुट्या मुलाचा हात एकेका दुसऱ्या मुलाने धरून ठेवला, तर त्याला साखळीत शिरता येणार नाही. धरून ठेवणारी ही मुले म्हणजे थायमोसिन. शिवाय साखळीच्या ज्या टोकाला भराभर भर पडते, त्या टोकावरही टोपण बसवलेले असते.

मग जखम झाल्यावर थायमोसिनला ‘सोड’ असे कोण सांगते? त्याला वेगळा निरोप द्यावा लागत नाही, ही यातली गंमत. थायमोसिनची पकड सैल असते, रेणू सतत धरले आणि सोडले जातात. रक्तपट्टिका उद्दीपित झाली की आतले कॅल्शियम वाढते, जेलसोलिन हे प्रथिन जुने धागे तोडते, नंतर टोकांवरची टोपणे निघतात. अशी असंख्य मोकळी टोके सुटे रेणू खेचू लागतात. मोकळे रेणू कमी झाले की समतोल राखण्यासाठी थायमोसिनच्या पकडीतले आणखी रेणू सुटतात आणि धागे वाढतच जातात. रसायनशास्त्रात आपण समतोलाचा जो नियम शिकवतो, तोच इथे जखम बुजवायला धावून येतो.

पण केवळ काटे फुटून भागत नाही. रक्तपट्टिकेच्या पृष्ठभागावर फायब्रिनोजेनला पकडणारे आकडे असतात. ते आतल्या ॲक्टिनशी जोडलेले असतात आणि मायोसिनच्या ओढीने सगळी गुठळी आवळली जाते. १९१८ साली स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी वर्णन केलेल्या आनुवंशिक विकारात हे आकडे नसतात किंवा निकामी असतात. अशा रुग्णाचा काउंट बहुधा अगदी व्यवस्थित, तरी रक्तस्राव थांबत नाही! परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत या विकाराच्या भारतीय रुग्णांचा अभ्यास झालेला आहे. संख्या आणि कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा.

आता रक्तपेढीकडे वळू. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसला, वापरलेल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तपट्टिका मात्र २० ते २४ अंशांना, सतत हलक्या हाताने हलवत आणि सामान्यतः पाचच दिवस ठेवतात. थंडीत कॅल्शियम वाढून त्यांच्यातही ॲक्टिनचे धागे बनतात आणि काटे फुटतात. अशा रक्तपट्टिका शरीरात दिल्यावर लवकर नाहीशा होतात. आकार बिघडतो म्हणून असे होत असावे, असा तर्क होता. २००३ साली हॉफमाइस्टर, हार्टविग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आकार टिकवला तरी फरक पडत नाही. थंडीने पृष्ठभागावरचे काही ग्राहक रेणू एकत्र गोळा होतात आणि यकृतातल्या भक्षक पेशी ते ओळखून रक्तपट्टिकांना गिळतात. साध्या तापमानाला जंतू वाढण्याचा धोका असतो, म्हणून पाच दिवसांची मर्यादा.

परिणाम असा की रक्तपट्टिकांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. डेंग्यूच्या दिवसांत रक्तदाते आठवड्या-आठवड्याला लागतात, ते यामुळेच. पालकांना सांगण्याजोग्या आणखी दोन गोष्टी आहेत. डेंग्यूत काउंट उतरणे नेहमीचेच आहे. रक्तस्राव नसेल तर साधारणतः १० हजारांखाली गेल्यावरच रक्तपट्टिका देण्याचा विचार होतो. खरा धोका पुष्कळदा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो, म्हणून रुग्णाचा रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि पोटदुखी यांकडे लक्ष हवे. दुसरे म्हणजे ताप उतरवायला ॲस्पिरिन देऊ नये. त्या औषधाने रक्तपट्टिकेचे कार्य तिच्या उरलेल्या आयुष्यापुरते मंदावते. केंद्रक नसल्यामुळे निकामी झालेले प्रथिन तिला पुन्हा पुरेसे बनवता येत नाही. असे का, हे मुलांनी स्वतः सांगितले तर हा पाठ त्यांना समजला म्हणायचे.