फासे तेच, नियम नवे

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्र होऊन खेळायच्या कथा-खेळाचं वय १९७४पासून मोजतात. आजच्या आवृत्तीत वीस बाजूंच्या फाशावर मोठा आकडा पडला की काम फत्ते. १९८१च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’त नेमकं उलट: शंभरांत कौशल्याइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तरच जमलं. सरावलेले खेळाडू इथेच अडखळतात. शिवाय इथे पात्राचं मनःस्वास्थ्यही झिजतं, आणि एखादी गोळीही जिवावर बेतते. पहिल्या बैठकीत लढाई टाळावीच.

कथेची जागा मात्र ओळखीची घ्यावी. मुंबईतली माहुलची खाडी घ्या: ओहोटीचा चिखल, तिवरं, हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, कोळीवाडा आणि मागे रिफायनरीची धुराडी. वर्णनात वेळ जात नाही. लक्ष नियमांवर राहतं.