दूध उकळले, तरी औषध उरते!

‘दूध तापवले की जंतू मरतात, मग भीती कशाची?’ बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त होता. त्यावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या ताई म्हणाल्या, ‘आमच्या म्हशीला दगडी झाली होती. इंजेक्शनं चालू होती तेवढे दिवस घरच्या दुधाचं दहीच लागलं नाही.’ आजचा सगळा विषय या दोन वाक्यांत आहे.

दही का लागले नाही?

विरजणातले जिवाणू दुधाचे दही करतात. जनावराला दिलेले प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक, दुधात उतरले तर ते या उपयोगी जिवाणूंनाही वाढू देत नाही. थंडीमुळे किंवा जुन्या विरजणामुळेही दही बिघडते. पण जनावरावर उपचार चालू असताना असे झाले, तर औषधाची शंका घ्यायलाच हवी. उकळल्याने जिवाणू मरतात, मात्र अनेक प्रतिजैविकांचा अंश उकळूनही बराचसा तसाच राहतो.

जिवाणू दाद का देत नाहीत?

दगडी म्हणजे कासेची सूज. ती बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होते आणि त्यावर सडात ट्यूब सोडतात किंवा इंजेक्शन देतात. औषध चुकीचे दिले, कमी दिले किंवा मधेच थांबवले, तर दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. पुढे त्या चिवटांचीच संख्या वाढते. शिवाय औषधाला तोंड देण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पुरस्काराच्या भाषणातच हा इशारा दिला होता.

हे जिवाणू कच्च्या दुधातून, कच्च्या दुधाच्या पनीरमधून माणसापर्यंत येऊ शकतात. खवा आटवलेला असतो, पण नंतर अस्वच्छ हात किंवा भांडे लागले तर तोही दूषित होतो. अशा जिवाणूंचा आजार झाला की नेहमीची गोळी चालत नाही. मग महागडी औषधे आणि दवाखान्यातला लांबलेला मुक्काम. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अर्थात हे सगळे मृत्यू दुधामुळे झालेले नाहीत. माणसांनी मनाने घेतलेल्या गोळ्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

देशातली स्थिती

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. शंभरात साधारण एक, म्हणजे घाबरून दूध सोडण्याचे कारण नाही. पण हा आकडा औषधाच्या अंशाचा आहे. गोठ्यात किती चिवट जिवाणू तयार झाले, ते त्यातून कळत नाही. आणि त्या गोठ्यात शेण काढणारे, धारा काढणारे हात कोणाचे असतात, हे आपल्या वस्तीला वेगळे सांगायला नको. सर्वात आधी जिवाणूंशी गाठ पडते ती त्यांचीच.

नुकसान कोणी सोसायचे?

औषध दिल्यावर ठरावीक दिवस दूध विकू नये, आणि तो कालावधी औषधाच्या वेष्टनावर छापावा, असा नियम २०१२ पासून आहे. कालावधी शास्त्रीयरीत्या ठरवलेला नसेल, तर दुधासाठी तो किमान ७ दिवस धरायचा. आता रोज ५ लिटर देणारी एकच म्हैस असलेल्या ताईंचा विचार करा. सात दिवसांत ३५ लिटर दूध ओतून द्यायचे, आणि औषधाचा खर्च वेगळाच. संकलन केंद्रावर दर ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर. औषधाचा अंश तिथे सहसा कोणी पाहत नाही. अशा वेळी फक्त त्या ताईंना दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. उपचाराच्या दिवसांतल्या दुधाची भरपाई दूध संघांनी आणि शासनाने द्यावी, तरच नियम गोठ्यापर्यंत पोहोचेल.

आपल्या हातात काय आहे?

• दूध उकळूनच प्या. पनीर उकळलेल्या दुधाचेच करा.
• धार काढण्याआधी हात आणि सड धुऊन कोरडे करा. आजारी जनावराची धार शेवटी काढा.
• पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून पाहा. गाठी किंवा पाणी दिसले तर पशुवैद्यकाला बोलवा. उरलेली ट्यूब मनाने सोडू नका.
• ‘दूध किती दिवस बंद ठेवायचे?’ हे डॉक्टरांना विचारा आणि तारीख भिंतीवर लिहा.
• ते दूध वासरालाही पाजू नका. त्याच्या पोटातही चिवट जिवाणू वाढतात.
• स्वतःसाठीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका. दिलेला डोस पूर्ण करा.

बैठक संपताना त्या ताईंनी विचारले, ‘मग दही न लागलेलं ते दूध आम्ही चहाला वापरलं, ते चुकलं का?’ चुकले, पण सांगणारेच कोणी भेटले नव्हते. पुढच्या बैठकीला पशुवैद्यकांना बोलवायचे त्याच दिवशी ठरले. आपापल्या गावातही अशी एक बैठक घ्या.