पुरावा दाखवला की माणूस जास्तच हट्टाला पेटतो?

निवडणुका आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं : “त्यांना सांगून उपयोग नाही. पुरावा दाखवला की ते आणखी कडवे होतात.” दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी बोलणं टाकण्यासाठी शिकलेल्या घरांत हे कारण सर्रास दिलं जातं, तेही विज्ञानाचा हवाला देऊन. विज्ञान असं सांगत नाही.

या समजुतीला बळ मिळालं ते २०१०च्या एका शोधनिबंधामुळे. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांनी अमेरिकेतल्या वाचकांना सांगितलं, की इराककडे महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत. त्यावर पुराणमतवादी वाचकांचा शस्त्रं होतीच हा विश्वास उलट वाढला. हा निष्कर्ष जगभर गाजला. पुढचं संशोधन मात्र कुणी वाचलं नाही. टॉम वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर, ५२ विषय घेऊन हेच तपासलं. २०१९मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात असा उलटा परिणाम जवळजवळ सापडलाच नाही. पक्षाला अडचणीची असली तरी दुरुस्ती बहुतेकांनी बऱ्यापैकी स्वीकारली. खुद्द नायहन यांनी २०२१मध्ये लिहिलं, की हा परिणाम क्वचितच दिसतो. तरीही आपण तोच जुना दाखला किती वर्षं देणार आहोत?

“अमेरिकेचं इथे कशाला?” असं कुणी विचारेल. सुमित्रा बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांनी भारतातल्या हिंदी भाषकांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या संभाषणाचे नमुने दाखवले. अफवेखाली ग्रुपमधल्याच कुणीतरी ती खोडून काढली होती. त्यासाठी कुठलाही स्रोत दिलेला नव्हता, तरी अफवेवरचा विश्वास कमी झाला.

मग माणसं पक्ष का बदलत नाहीत? कारण वस्तुस्थिती मान्य करणं वेगळं आणि निष्ठा सोडणं वेगळं. २०१६च्या निवडणुकीत ट्रम्प समर्थकांना त्यांच्या नेत्याच्या भाषणातली चूक दाखवली, तेव्हा आकड्यांबाबतची त्यांची समजूत सुधारली; नेत्याविषयीचं मत तेवढंच राहिलं. तेव्हा काकांनी तुमचा आकडा मान्य करूनही मत आपल्याच पक्षाला दिलं, तर तुमचं बोलणं फुकट गेलं असं मानू नका. घरातली एक खोटी समजूत कमी झाली, हे थोडं नाही.

आणखी काही गैरसमज :

“समोरचे सगळे टोकाचे.” ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेच्या २०१९च्या अहवालानुसार अमेरिकेतले दोन्ही पक्षांचे समर्थक विरोधकांमधल्या टोकाच्या लोकांचं प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट धरतात.

“विरोधी पोस्ट वाचल्या की मन मोकळं होतं.” ट्विटरवरच्या २०१८च्या प्रयोगात महिनाभर अशा पोस्ट पाहिलेले रिपब्लिकन आणखी उजवीकडे सरकले. पोस्टचा मारा म्हणजे संवाद नव्हे.

“दहा मिनिटांत काय होणार?” मायामीत घरोघरी जाऊन केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या संभाषणांनी ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला (ब्रूकमन आणि कॅला, २०१६).

“एकत्र यायला विचारसरणी जुळावी लागते.” १९५६मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एकत्र लढले.

तेव्हा बोला. एका वेळी एकच दावा घ्या, नेत्याला सोडून दाव्यावर बोला आणि समोरच्याने तुमच्या पक्षाची चूक दाखवली तर तीही तिथल्या तिथे मान्य करा. कुणाला गप्पच बसायचं असेल तर त्याने जरूर बसावं, पण त्यासाठी विज्ञानाचा आधार घेऊ नये.